मदतीची आकारणी

२०२५ च्या डिसेंबरात युरोपीय संघाच्या सत्तावीस राष्ट्रांचे प्रमुख ब्रुसेल्स येथे रात्रभर खलबत करीत बसले आणि पहाटेच्या सुमारास, रशियाच्या गोठविलेल्या ठेवींच्या आधारे युक्रेनला कर्ज देण्याची मूळ योजना बाजूस ठेवून, स्वतःची सामाईक पत पणाला लावून नव्वद अब्ज युरो उभारावेत व ते दोन वर्षांच्या गरजेसाठी युक्रेनच्या हवाली करावेत असा निर्णय घेऊन उठले. मात्र हा निर्णय पदरात पडावा म्हणून हंगेरी, स्लोव्हाकिया व चेकिया या तीन राष्ट्रांना त्या कर्जाच्या दायित्वातून मोकळे करणे भाग पडले. संकट सर्वांचे, ठराव सर्वांचा आणि भार मात्र ज्याला मान्य असेल त्याचा, ही जी रीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले त्या २४ फेब्रुवारी २०२२ पासून चालत आली आहे, तिच्यावर या सवलतीने रीतसर शिक्कामोर्तब झाले.

ही रीत वर्गणीची आहे. आळीतल्या उत्सवाची वर्गणी मागावयास निघालेल्या मंडळींना जो दारात भेटतो तो पावती फाडतो, ज्याला उत्सवाची आस्था असते तो ऐपतीबाहेर देतो, आणि ज्याचा वाडा सर्वांत मोठा त्याचा दिवाणजी मालक परगावी गेल्याचे सांगून पुढल्या आठवड्यात यावयास सुचवितो. उत्सव अशा वर्गणीवर निभावतो. युद्ध निभावत नाही, कारण युद्धाला पुढला आठवडा ठाऊक नसतो. आक्रमणाला बळी पडलेल्या राष्ट्राला साहाय्य करणे हे ज्यांनी आपले कर्तव्य म्हणून जाहीर केले आहे, त्यांनी त्या कर्तव्याची महसुलाप्रमाणे ऐपतीवर आकारणी करावी, हप्ते मुक्रर करावेत आणि थकबाकीही चारचौघांत मांडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आजवर ज्यांनी दिले त्यांच्याकडे पाहिले तर देण्याचे प्रमाण संपत्तीवर ठरलेले नसून धास्तीवर आणि सद्‌भावावर ठरलेले दिसते. एस्टोनियाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत, म्हणजे आपल्या नाशिक शहराहूनही कमी. त्या राष्ट्राने २०२३ च्या आरंभी आपल्याजवळच्या १५५ मिलिमीटर व्यासाच्या यच्चयावत तोफा युक्रेनला देऊन टाकल्या. डेन्मार्कने त्याच सुमारास आपल्या एकोणीस सीझर तोफा दिल्या व पुढल्या वर्षी उरलेला तोफखानाही देऊ केला; इतकेच नव्हे तर स्वतःच्या देशातून माल धाडण्याऐवजी युक्रेनच्याच कारखान्यांना मागणी देऊन पैसे डेन्मार्कने चुकते करावेत, असा जो शहाणपणाचा मार्ग त्याने काढला, तो आता इतरही गिरवू लागले आहेत. जर्मनीतील कील येथील संशोधनसंस्था या साहाय्याचा जमाखर्च प्रथमपासून ठेवीत आली आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात पाहता तिच्या यादीत वरच्या जागा बाल्टिक व नॉर्डिक राष्ट्रांच्या आहेत, आणि फ्रान्स, इटली व स्पेन ही ऐश्वर्यसंपन्न राष्ट्रे बरीच खाली आहेत. रशियाच्या सरहद्दीपासून मैल जसजसे वाढत जातात तसतसे औदार्य आटत जाते, असा या यादीचा सरळ अर्थ आहे.

शिवाय काही भार असे आहेत की जे कोणत्याच खतावणीत नीट बसत नाहीत. युद्धाच्या पहिल्या दिवसांत पोलंडमधील प्शेमिशल या सरहद्दीवरच्या स्टेशनात हातात पिशवी आणि कडेवर मूल घेतलेल्या बाया गाडीगाडीने उतरत होत्या, तेव्हा त्यांना पाणी, पांघरूण आणि निवारा देणाऱ्या नगरवासीयांनी त्याचे बिल कोणाकडे पाठविले नाही. मोल्दोव्हासारख्या निर्धन देशाने आपल्या कुवतीच्या कितीतरी पलीकडे माणसे सामावून घेतली. याच पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया व मोल्दोव्हाच्या नाक्यांवरून आपली हजारो वैद्यकीय शाखेची मुले, त्यांत महाराष्ट्रातलीही पुष्कळ, ‘ऑपरेशन गंगा’त सुखरूप परतली, हे येथील पालक विसरले नसतील. आणि दुसऱ्या बाजूस नॉर्वेचे उदाहरण आहे. रशियाचा वायू युरोपात येईनासा झाल्यावर नॉर्वेच्या वायूला जो भाव आला, त्याने त्या देशाच्या खजिन्यात अनपेक्षित भर पडली. त्याने २०२३ साली पाच वर्षांसाठी पंचाहत्तर अब्ज क्रोनरची तरतूद केली, ती पुढे वाढतही गेली, परंतु शेजाऱ्याच्या आपत्तीतून झालेल्या नफ्याशी ती रक्कम ताडून पाहणाऱ्यांनी खुद्द नॉर्वेतच नापसंती बोलून दाखविली, ती आम्हांस रास्त वाटते.

तथापि रकमेहून मोठा प्रश्न मुदतीचा आहे. २०२३ च्या मार्चमध्ये युरोपीय संघाने बारा महिन्यांत दहा लाख तोफगोळे देण्याचे कबूल केले. मुदत भरली तेव्हा निम्म्याच्या आसपास पोहोचले होते. त्याच काळात, वॉशिंग्टनमध्ये ऑक्टोबरात मागितलेली सुमारे एकसष्ट अब्ज डॉलरांची मंजुरी पक्षोपक्षांच्या रस्सीखेचीत अडकून २०२४ च्या एप्रिलपर्यंत रखडली. हा उशीर आघाडीवर कसा भोगावा लागतो ते पाहावे. १५५ मिलिमीटरचा एक गोळा सुमारे पंचेचाळीस किलो वजनाचा, तो दोन हातांनी उचलून तोफेशी न्यावा लागतो. समोरून अनेक गोळे येत असता आपल्या तोफेपाशी दिवसाकाठी मोजके गोळे आहेत असे ज्या गोलंदाजाला सांगितले जाते, तो लक्ष्य दिसत असूनही तोफ थंड ठेवतो, आणि तेवढ्या अवकाशात शत्रूचे पायदळ खंदकाशी येते. त्या हिवाळ्यात, १७ फेब्रुवारी २०२४ रोजी, आव्दिइव्का युक्रेनच्या हातून गेले. पुढे चेकियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जगाच्या बाजारात आठ लाख गोळे मिळण्याजोगे असल्याचे सांगितले आणि इतरांनी पैसे घालून ते आणविले. माल होता, पैसाही होता, दोहोंची गाठ घालून देण्याचे काम कोणाचे हे मात्र दोन वर्षे ठरले नव्हते. रणगाड्यांचेही तेच. अमेरिकेने आपले अब्राम्स रणगाडे देण्याचे कबूल करीपर्यंत जर्मनीने लेपर्ड रणगाडे अडवून धरले आणि ‘आधी तुम्ही’ या मानपानात २०२३ चा जानेवारी उजाडला.

अमेरिकेची भूमिका तर आता मुळातच पालटली आहे. १९९० साली इराकने कुवेत गिळंकृत केले तेव्हा अमेरिकेचे मंत्री मित्रांच्या दारोदार हिंडून युद्धखर्चाची मागणी करीत होते. सुमारे एकसष्ट अब्ज डॉलरांच्या त्या खर्चापैकी चौपन्न अब्जांच्या आसपास इतरांनी उचलले. त्यांत सुमारे तेरा अब्ज देणाऱ्या जपानचे नाव कुवेतने दिलेल्या आभाराच्या जाहिरातीत नव्हते, आणि ही बोच टोकियोत पुढे कित्येक वर्षे राहिली. त्या वेळी अमेरिकेने सैन्य दिले आणि मित्रांनी पैसा. २०२५ च्या जुलैपासून जी व्यवस्था आली आहे तीत अमेरिका शस्त्रे विकते, युरोपीय राष्ट्रे त्यांची किंमत भरतात आणि लढणारा केवळ युक्रेनच आहे. विक्रेत्याला भागीदार म्हणावे की काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा. १९९४ च्या बुडापेस्ट करारनाम्यावर युक्रेनने आपली अण्वस्त्रे सोडून दिली, त्या कागदावर अमेरिका व ब्रिटन यांच्याही सह्या आहेत. सही करणाऱ्याचा हिस्सा शेजाऱ्याच्या हिश्श्याआधी आकारला पाहिजे, हे सांगावयास न्यायाधीश लागत नाही.

मदत देणगी म्हणून द्यावी की कर्ज म्हणून, हा याहूनही नाजूक मुद्दा आहे, आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्हां भारतीयांना अनुभवाने मिळालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन व हिंदुस्थान सरकार यांच्यात युद्धखर्चाच्या वाटणीचा करार झाला. कागदावर तो हिंदुस्थानला अनुकूल होता, कारण साम्राज्यासाठी केलेला खर्च ब्रिटनने सोसावयाचा होता. परंतु ते पैसे रोख न मिळता लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने जमा होत गेले, इकडे त्यांच्या आधारावर नोटा छापल्या गेल्या, धान्याचे भाव भडकले, आणि १९४३ साली बंगालने जे भोगले त्याच्या कारणांत या महागाईची गणना करावी लागते. युद्ध संपले तेव्हा ब्रिटनकडून येणे सुमारे १३० कोटी पौंड होते. महाडजवळच्या परिसरातून पुढे येऊन रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदी बसलेले चिंतामणराव देशमुख १९४४ साली ब्रेटन वुड्स परिषदेस गेले, त्या परिषदेत हिंदुस्थानच्या प्रतिनिधींनी या शिलकीचा प्रश्न मांडला आणि मोठ्या राष्ट्रांनी तो टाळला. वाटणी कागदावर बरोबर असली तरी पैसा कोणाच्या हाती केव्हा पडतो यावरच भार कोणी वाहिला ते ठरते. युक्रेनला दिलेले नव्वद अब्ज रशियाकडून नुकसानभरपाई मिळाल्यावरच फेडावयाचे आहेत, ही अट म्हणूनच योग्य आहे, आणि ती कोणत्याही तहाच्या वाटाघाटीत सैल होता कामा नये.

येथे एक गोष्ट मोकळेपणे नमूद केली पाहिजे. रशियाचे सवलतीचे तेल आपण मुबलक घेतले आहे आणि त्यामागे आपल्या गरजा आहेत. तेव्हा युरोपला उपदेश करण्याचा आव आम्ही आणीत नाही. परंतु युक्रेनचे कैवारी म्हणविणारी काही युरोपीय राष्ट्रेही आक्रमणानंतर वर्षानुवर्षे रशियाचा वायू घेत राहिली, तेव्हा आकारणीच्या कागदावर ही रक्कमही वजाबाकीच्या रकान्यात यावयास हवी.

आकारणीचे माप नवे शोधण्याची गरज नाही. एस्टोनियाने २०२४ पासून चार वर्षे प्रत्येक मित्रराष्ट्राने आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा पाव टक्का युक्रेनच्या लष्करी साहाय्यास द्यावा असे सुचविले आणि स्वतःस ते लावूनही घेतले. युक्रेनच्या साहाय्यासाठी रामस्टाइन येथे जमू लागलेल्या राष्ट्रांनी ते पाळले तर वर्षाकाठी निदान १२० अब्ज युरो उभे राहतील, असा त्याचा हिशेब आहे. ज्या राष्ट्रांनी २०२५ साली हेग येथे स्वतःच्या संरक्षणावर २०३५ पर्यंत उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाण्याचे वचन दिले, त्यांना हा पाव टक्का जड आहे असे म्हणता येणार नाही. निर्वासितांवरील खर्चाची वजावट द्यावी, जुन्या शस्त्रांची किंमत कोणत्या भावाने धरावयाची ते एकदाच ठरवावे, आणि जो देश पैसा देऊ शकत नाही त्याच्याकडून दुरुस्तीचे कारखाने, प्रशिक्षण वा रेल्वेची सोय घ्यावी. परंतु कोणासही सर्वस्वी माफी नसावी.

उरला प्रश्न रशियाच्या ठेवींचा. त्या मुदतीविना गोठवून ठेवण्याचे युरोपीय संघाने डिसेंबरातच ठरविले, त्यामुळे दर सहा महिन्यांनी एखाद्या राष्ट्राच्या नकाराधिकाराची धास्ती तेवढी टळली. त्यांचा मोठा भाग बेल्जियममधील युरोक्लिअर या संस्थेकडे आहे. या ठेवींच्या आधारे कर्ज दिले आणि उद्या मॉस्कोने दावा जिंकला तर भरपाई एकट्या बेल्जियमने करावी काय, हा बेल्जियमच्या पंतप्रधानांचा सवाल अनेकांना आडमुठेपणाचा वाटला. आमच्या मते तो सवाल सरळ आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे: जामीनकी सर्वांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात लिहून द्यावी, बेल्जियमला त्याच्या हिश्श्यापलीकडे तोशीस लागणार नाही अशी हमी द्यावी, आणि नव्वद अब्ज संपण्याची वाट न पाहता हा दस्तऐवज याच वर्षी पुरा करावा.