काटेकर का मरतो?

'सेक्रेड गेम्स'चे पहिले पर्व 6 जुलै 2018 रोजी नेटफ्लिक्सवर आले आणि बघता बघता मुंबईची महागाथा हे बिरुद त्याला चिकटले. 15 ऑगस्ट 2019 रोजी दुसरे पर्व आले आणि ते फसले, असे बहुतेक जाणकारांचे मत पडले. इतक्या वर्षांनी दोन्ही पर्वांचे सोळाही भाग आम्ही पुन्हा पाहिले. आमचे मत असे की, दुसऱ्या पर्वातला बिघाड पहिल्याच पर्वात मुरलेला होता. तेव्हा नवाजुद्दीन सिद्दीकीच्या आवाजाने आणि शिव्यांच्या नव्या चवीने आपण सारे इतके भारून गेलो होतो की तो कुणी पाहिला नाही.

भागांची नावेच घ्या. अश्वत्थामा, हलाहल, आतापी-वातापी, ब्रह्महत्या, सरमा, प्रेतकल्प, रुद्र, ययाती. कथा आहे सत्तरच्या दशकापासूनच्या मुंबईची, टोळ्यांची आणि पोलिसांची. आणि तिच्या प्रत्येक वळणावर पुराणाचा दिवा लावून ठेवला आहे. अभ्यासकांना असे दिवे आवडतात. त्यांच्या उजेडात शोधनिबंध चटकन लिहून होतो. पण पुराणकथा जिथे येते तिथे 'का' हा प्रश्न मुकाट्याने बाहेर पडतो. गणेश गायतोंडे गुंड का झाला? मालिकेचे उत्तर: भिक्षेकरी ब्राह्मणाचा मुलगा, आईची हत्या, घरातून पलायन, मग स्वतःलाच देव समजण्याचे वेड. म्हणजे शाप, पाप आणि नियती. एकदा हे मान्य केले की दुसऱ्या पर्वात गुरुजी, सत्ययुग आणि अणुबॉम्ब येणारच. त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार पहिल्या पर्वावर लुब्ध झालेल्यांना उरत नाही.

गायतोंडे अधूनमधून इतिहासही सांगतो, हे खरे. आणीबाणी येते, शाहबानो येते, बाबरी येते. धर्माच्या राजकारणाने गुन्हेगारी जग कसे दुभंगले, हे दाखवण्याचे धैर्य या मालिकेने दाखवले, ते आजच्या पडद्यावर दुर्मीळ झाले आहे. त्याचे श्रेय नाकारण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण हा सगळा इतिहास दिल्लीत घडतो आणि मुंबईत त्याचे पडसाद उमटतात. मुंबईत, मुंबईच्या हातांनी घडलेल्या इतिहासाला या कथेत जागा नाही. 18 जानेवारी 1982 रोजी परळ-लालबागचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. ऐंशीच्या दशकातल्या टोळ्यांची कथा सांगायची आणि ही घटना कथेच्या वाटेत येऊ द्यायची नाही, हे अवघड काम आहे. मालिकेने ते सहज केले.

जयंत पवारांचे 'अधांतर' रंगभूमीवर आले ते 1997 साली. परळच्या चाळीतली एक खोली, संपात कोलमडलेले एक कुटुंब. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटच्या वेडात आहे, आणि नरू टोळीत जातो. नरूला पुराणातले नाव लागत नाही. पगार थांबला, घरातली भांडणे वाढली, बाहेर कुणीतरी हातात पैसे ठेवले, एवढे त्याला पुरते. प्रेक्षकाला नरू आवडत नाही, पण समजतो. गायतोंडेचे नेमके उलटे आहे: तो भुरळ घालतो, आणि सोळा भागांनंतरही त्याच्याविषयी आपल्याला कळलेले फारसे काही नसते. शिवाय गिरणीची जमीन आणि बंदूक यांचे नाते नाटककाराच्या कल्पनेतले नव्हते. गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न पेटलेला असतानाच, 7 मे 1994 रोजी, खटाव मिलचे सुनीत खटाव यांचा महालक्ष्मीजवळ भरदिवसा खून झाला. 16 जानेवारी 1997 रोजी दत्ता सामंतांना पवईत गोळ्या घातल्या गेल्या.

यावर एक ठरलेला आक्षेप येईल: मालिका म्हणजे समाजशास्त्राचा प्रबंध नव्हे, आणि ती विक्रम चंद्रा यांच्या 2006 सालच्या इंग्रजी कादंबरीवर आधारलेली आहे. ठीक. मग कादंबरीकडेच जाऊ, आणि हवालदार काटेकरकडे.

काटेकर (जितेंद्र जोशी) हा मालिकेतला सर्वांचा लाडका. जोशींनी काम केलेही आहे अस्सल. घरात शालिनीशी बोलतानाचे मराठी आणि सरताज सिंगशी बोलतानाचे हिंदी यांतला फरक त्यांनी नुसत्या खांद्यांनी दाखवला आहे. पण हे पात्र कशासाठी आहे? शहर खरे वाटावे म्हणून. नायक शीख, खलनायक पुराणपुरुष, आणि दोघांच्या मधल्या पोकळीत मुंबईचा वास यावा यासाठी एक मराठी हवालदार. पहिल्या पर्वाच्या अखेरीकडे माल्कम त्याला ठार मारतो, कारण नायकाला पेटून उठायला कारण हवे असते.

कादंबरीतला काटेकरही मरतो. पण तो मरतो एका साध्या गुन्ह्याच्या तपासात, संशयितांना पकडण्याच्या धावपळीत, एका घाबरलेल्या पोराच्या हत्याराने. गायतोंडेच्या महाकारस्थानाशी त्या मरणाचा काडीचा संबंध नाही. चंद्रा यांनी हे जाणीवपूर्वक केले असावे. हवालदार असाच मरतो: कामावर, कुठल्यातरी किरकोळ प्रकरणात, कथेला उपयोगी न पडता. मालिकेने हे मरण उचलून मुख्य कथानकाला जोडले. पटकथेची सोय झाली. कादंबरीतली सर्वांत निर्दय आणि सर्वांत प्रामाणिक जागा मात्र गेली.

गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांचे स्मारक आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री त्यांनी तिथे कसाबची बंदूक धरून ठेवली आणि प्राण दिले. काटेकरच्या मृत्यूने आपल्या डोळ्यांत पाणी आले त्यात या स्मृतीचा वाटा होता, असे आम्हांला वाटते. मालिकेने ती भावना उसनी घेतली. पोलीस शिपायाच्या मरणाचा गौरव करायला या शहराला कधीच जड गेले नाही. त्याच शिपायांची कुटुंबे नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळींत, 1920 च्या दशकात बांधलेल्या एकेका खोलीत, पिढ्या काढत होती, हा मजकूर मात्र कुणा पटकथाकाराला खुणावत नाही.

'शहर आणि साहित्य' असा विषय निघाला की आज वर्गात 'सेक्रेड गेम्स'चे उदाहरण सर्रास दिले जाते. द्यावे, पण त्यासोबत कादंबरीतले काटेकरच्या मरणाचे प्रकरण आणि 'अधांतर'ची संहिता टेबलावर ठेवावी, आणि विद्यार्थ्यांना विचारावे की नरू 'सेक्रेड गेम्स'मध्ये असता तर कितव्या भागात मेला असता, आणि कुणाच्या सोयीसाठी.