"एवढं असतंच, सर": नव्या गाडीची फट आणि आपला धंदा

परवा सांगलीच्या शिबिरात चार जणांनी विचारलं, "सर, नवी गाडी घेतली म्हणे, कशी आहे?" गाडी चांगली आहे. पण तिच्यापायी दीड महिना डोक्याला ताप झाला, आणि तो तुम्हाला सांगावा असं वाटतं, कारण त्यात गाडीपेक्षा धंद्याचा मामला जास्त आहे.

गाडी टूरिंगची. तिला पुढे हेडलाइटपासून टाकीपर्यंत प्लॅस्टिकचं मोठं कवच असतं, त्याला फेअरिंग म्हणतात. वारा छातीवर न येता बाजूने निघून जावा, लांबच्या प्रवासात माणूस थकू नये, एवढ्यासाठी ते असतं. मला महिन्यातून कोल्हापूर, सोलापूर, नाशिक होतंच, म्हणून पावणेचार लाख घातले. पाडव्याच्या मुहूर्तावर डिलिव्हरी. शोरूममध्ये नुसती जत्रा! हार, नारळ, पेढे, पुठ्ठ्याची मोठी चावी हातात धरून फोटो. गाडी नीट बघितली का? नाही. "माल ताब्यात घेताना तपासून घ्या" हे मी दर शिबिरात घसा ताणून सांगतो, आणि स्वतः पेढा खात उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात बायको म्हणाली, "अहो, ही डावीकडे वाकडी नाहीये का?"

होती. उजव्या बाजूला कवच आणि टाकी यांच्यात जेमतेम पोस्टकार्ड सरकेल एवढी फट, आणि डाव्या बाजूला माझी करंगळी जात होती. शोरूमला गेलो. काउंटरवरचा मुलगा हसून म्हणाला, "सर, प्लॅस्टिक आहे, एवढं असतंच. सगळ्या गाड्यांना असतं." मी हटलो नाही, तेव्हा एक मेकॅनिक आला. त्याने तळहाताने कवच दाबलं, पान्याने बोल्ट आवळला, फट गायब. मी विचारलं, जॉबकार्ड? "दोन मिनिटांचं काम सर, जॉबकार्ड कशाला?" मीही म्हटलं, कशाला.

इथे मी चुकलो. फट बघायची राहून गेली त्यापेक्षा ही चूक मोठी.

तीनशे किलोमीटर झाले असतील. खंबाटकी घाट उतरल्यावर ऐंशीच्या वेगाला डावीकडून खडखड सुरू झाली. थांबून पाहिलं तर त्याच बोल्टच्या भोवती केसासारखा बारीक तडा. परत शोरूम. आता काउंटरवर दुसरा माणूस, आणि त्याचा पहिला प्रश्न: "गाडी कुठे आपटली का, सर?" वॉरंटी बसणार नाही म्हणाला, कारण तडा "बाहेरून मार लागल्यासारखा" दिसतोय. पहिल्या दिवशी मी तक्रार केली होती याचा कागद कुठे आहे? कुठेच नाही. त्यांच्याच माणसाने आवळून घातलेला ताण आता माझ्या नावावर.

मला वाचवलं त्या चावीच्या फोटोने. घरी येऊन मोठा करून पाहिला. माझ्या कोपराच्या मागे, हाराच्या खाली, डावीकडची फट स्वच्छ दिसत होती. ईमेलवर फोटो पाठवला, सोबत बिलाची प्रत, आणि तारखेनिशी चार ओळी. शिव्या नाहीत, धमकी नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला.

या वेळी गाडीला हात लावला तो वर्कशॉपच्या जुन्या फोरमनने. त्याने प्लॅस्टिकला हात लावायच्या आधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, कुठे घासतं का ते. मग कवचाचे सगळे बोल्ट काढले आणि ते हाताने परत लावायला गेला. उजवीकडचे बसले. डावीकडचा एक बोल्ट भोकासमोर येईच ना. "साहेब," तो म्हणाला, "बोल्ट पान्याशिवाय दोन-तीन आटे गेला पाहिजे. जात नसेल तर प्लॅस्टिक ओढायचं नाही, आत बघायचं."

आत म्हणजे काय, तर कवचाच्या मागे लोखंडी सांगाडा असतो, चॅसीच्या पुढच्या टोकाला बसवलेला. हेडलाइट, मीटर, काच, कवच, सगळं त्यावर तोललेलं. तो सांगाडाच एका बाजूला किंचित वाकलेला निघाला. त्याच्या मते गाडी ट्रकमधून येताना दोरखंड चुकीच्या जागी आवळला असणार. मुळाशी थोडंसं वाकलं की टोकाला ते बोटभर दिसतं. पहिल्या मेकॅनिकने फट बुजवली म्हणजे तो वाकडेपणा प्लॅस्टिकच्या कानात कोंडला. इंजिनाच्या थरथरीने तो कान तडकणारच होता. नवा सांगाडा आणि नवं पॅनल यायला एकोणीस दिवस लागले. बसवतानाही त्याने आधी सगळे बोल्ट ढिले लावले, दोन्ही बाजूंच्या फटी डोळ्याने जुळवल्या, आणि मगच एकेक करून बेताने आवळले.

माझा एक मित्र म्हणतो, "एवढ्याशा फटीसाठी दीड महिना? तुझ्या वेळेची किंमत काय?" त्याचं पूर्ण चूक नाही. प्लॅस्टिकला थोडा फरक असतोच. दोन्हीकडे सारखा आहे, घासत नाही, वाजत नाही, बोल्ट हाताने जातोय, तर गप्प गाडी चालवा. उगाच फूटपट्टी घेऊन शोरूमला जाणाऱ्यांतला मी नाही. पण एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला नाही, ही सौंदर्याची तक्रार नव्हे. आत काहीतरी सरकलंय याची ती खूण आहे, आणि खूण पुसून रोग जात नाही.

आता काउंटरच्या पलीकडे या. तुमच्यापैकी निम्मे उद्या तिथेच उभे राहणार आहात. अमेरिकेत क्रेग व्हेटर नावाच्या माणसाने फेअरिंगचाच धंदा उभा केला. 1975 साली होंडाची गोल्ड विंग आली ती कवचाशिवाय. लोक व्हेटरची विंडजॅमर फेअरिंग विकत घेऊन तिच्यावर बसवायचे. कवच तेच, पण प्रत्येक मॉडेलसाठी ब्रॅकेट वेगळे. 1978 मध्ये त्याने कंपनी विकली, आणि 1980 ला होंडाने स्वतःच कवचासकट गोल्ड विंग काढली. दुसऱ्याने बनवलेल्या गाडीवर आपला माल नीट बसवून द्यायचा, हा त्याचा धंदा. तिथे "एवढं असतंच" म्हणणारा माणूस किती दिवस टिकला असता?

मी स्वतः ते म्हटलंय. ट्रेनर होण्याआधी माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं. एका बंगल्याचं गेट बसवलं, दोन पाल्यांमध्ये वर बोटभर आणि खाली काहीच फट नाही. मालक म्हणाले, "जरा तिरकं वाटतंय." मी म्हटलं, "काका, लोखंड आहे, एवढं होतंच," आणि बिजागरीवर दोन हातोडे घातले. खांब ओळंब्यात नव्हता हे मला दिसत होतं. काकांनी पैसे पूर्ण दिले. पुढे त्यांच्या मुलाच्या घराच्या ग्रिलचं सगळं काम निघालं, ते दुसऱ्याकडे गेलं. मला कळलं वर्षभराने, तेही हार्डवेअरच्या दुकानात.

कायद्याचं थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर बोलून बघा. मात्र वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असेल तर तुम्ही ग्राहक आहात की नाही यावरच वाद होऊ शकतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूला त्यातून सूट आहे. गाडी फर्मच्या नावाने घेण्याआधी सीएशी बोला.

तडकलेलं पॅनल मी शिबिरात दाखवायला मागितलं होतं. वॉरंटीत बदललेला जुना पार्ट कंपनीला परत पाठवावा लागतो म्हणाले, दिलं नाही. मग फोटो काढला, आणि जॉबकार्डची प्रत घेऊन, तिच्यावर शिक्का आहे ना ते बघून निघालो.