विश्लेषण : रुग्णालयाचं बिल आयुष्मान भरेल, पण घरातल्या शुश्रूषेचा खर्च कोण करणार?

सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला अर्धांगवायूचा झटका आला, तर रुग्णालयाच्या बिलासाठी आता आयुष्मान कार्ड आहे. पण डिस्चार्जनंतर काय? उठवून बसवणं, भरवणं, आंघोळ घालणं, डायपर बदलणं ही कामं अनेकदा वर्षानुवर्षं चालतात. त्यासाठी ब्युरोतून माणूस ठेवला, तर पैसे घरच्यांनाच मोजावे लागतात. या दीर्घकालीन शुश्रूषेपाशी येऊन भारतातल्या योजना आणि कायदे थांबतात.

आयुष्मान कार्डातून काय मिळतं?

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ही योजना ७० वर्षं आणि त्यावरील सर्वांसाठी खुली झाली. उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते. मात्र योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासण्या त्यात येतात. सोळाव्या दिवसापासून सगळा भार कुटुंबावर.

पेन्शन पुरते का?

केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वयाच्या व्यक्तीला केंद्राकडून महिन्याला २०० रुपये मिळतात, ८० नंतर ५००. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेमुळे ही रक्कम १,५०० रुपयांपर्यंत जाते, पण त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावं लागतं. २०२४ मध्ये राज्याने सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये दिले जातात. साधन मिळतं, हाताशी माणूस मिळत नाही.

कायदा कोणाला जबाबदार धरतो?

मुलांना. २००७ च्या कायद्यानुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आई-वडील प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. मुलांना नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. अपत्य नसलेल्या ज्येष्ठांना, त्यांची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा वारशाने जाणार आहे, त्या नातेवाइकाकडे निर्वाहखर्च मागता येतो.

पण या खर्चाची कमाल मर्यादा महिन्याला १० हजार रुपये आहे. ती काढून टाकण्याचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, मात्र मंजूर न होताच ते बारगळलं. गरीब ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम असावा, असंही कायदा सांगतो. पण तिथे राज्यांना सक्ती नाही, फक्त मुभा आहे.

घर नावावर करून दिलं असेल तर?

सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केलं आणि अट पाळली गेली नाही, तर ते रद्द करून घेता येतं. ही अट घातलेली असणं आवश्यक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायला हवा, असं स्पष्ट केलं आणि न्यायाधिकरण मालमत्तेचा ताबाही परत देऊ शकतं, असं सांगितलं. तरीही वाद टाळायचा तर सांभाळाची अट बक्षीसपत्रातच लिहून घेणं सुरक्षित.

इतर देशांनी काय केलं?

जर्मनीने १९९५ मध्ये, तर जपानने २००० मध्ये शुश्रूषेसाठी स्वतंत्र सक्तीचा विमा आणला. जपानमध्ये चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो, निम्मा निधी करांतून येतो आणि सेवा घेणारा उत्पन्नानुसार १० ते ३० टक्के खर्च उचलतो. जर्मनीत घरच्यांनीच सांभाळ केला, तरी त्यासाठी रोख भत्ता मिळतो.

हा शेवटचा मुद्दा भारतासाठी महत्त्वाचा आहे. इथे घरातली शुश्रूषा फुकट धरली जाते. प्रत्यक्षात त्यासाठी बहुतेकदा सून, मुलगी किंवा स्वतःच थकलेली पत्नी राबते. कोणाची नोकरी सुटते, कोणाची तब्येत ढासळते. तो खर्च कुठल्याच हिशेबात येत नाही.

सध्या माहिती किंवा मदत हवी असेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. पण मूळ प्रश्न राहतोच. आजचा कायदा ज्येष्ठांना मुलांकडे मागण्याचा हक्क देतो. मुलांचीच ऐपत नसेल किंवा मुलंच नसतील, तर शुश्रूषा सरकारकडे हक्काने मागण्याची सोय त्यात नाही.