किडनी बदलली, आता शुगरवर नजर हवी

जालना : किडनी प्रत्यारोपण करून मंठा, घनसावंगीकडच्या गावी परतलेला रुग्ण सोबत गोळ्यांची पिशवी आणतो. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, स्टेरॉइड घ्यावेच लागते. पण याच गोळ्यांमुळे आधी शुगर नसलेल्यालाही मधुमेह होऊ शकतो. म्हणूनच ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००९ च्या सूचनेनुसार पहिले ४ आठवडे दर आठवड्याला, मग वर्षभर दर ३ महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा तपासणी हवी.

खरी गोम वेळेत आहे. सकाळी स्टेरॉइड घेतले की शुगर दुपारनंतर चढते. उपाशीपोटीचा रिपोर्ट नॉर्मल आला, की घरचे निर्धास्त होतात. दुपारची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येईल का, ते विचारा. रिपोर्ट प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळवा. शुगर वाढली म्हणून गोळ्या मनाने बंद केल्या, तर किडनीच हातची जाईल.