‘रायझिंग सन’: आरोप राष्ट्रावर, पुरावा चित्रणावर

फिलिप कॉफमन दिग्दर्शित ‘रायझिंग सन’ हा चित्रपट जुलै १९९३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. मायकेल क्रायटन यांच्या १९९२ च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. लॉस एंजेलिसमध्ये नाकामोटो या जपानी कंपनीच्या टोलेजंग इमारतीच्या उद्घाटनाची मेजवानी चालू असताना, बैठकीच्या टेबलावर एका तरुणीचा खून होतो. त्याच सुमारास ही कंपनी मायक्रोकॉन ही अमेरिकी कंपनी विकत घेण्याच्या वाटाघाटीत गुंतलेली असते. शॉन कॉनरी आणि वेस्ली स्नाइप्स यांनी रंगवलेले दोन अधिकारी खुनाचा तपास करत या व्यवहारापर्यंत पोचतात.

चित्रपटावर जपानद्वेषाचा आरोप झाला आणि आशियाई अमेरिकनांच्या संघटनांनी निदर्शने केली. समर्थकांचा पूर्वपक्ष तीन मुद्द्यांचा आहे. जपानी भांडवलाची भीती खरी होती; कादंबरीतला जपानी खुनी चित्रपटात बदलल्याने द्वेषाचा आरोप उरत नाही; आणि परक्यांशी व्यवहार करायचा तर त्यांच्या चालीरीती ओळखाव्याच लागतात, चित्रपट तेच शिकवतो.

पहिला मुद्दा काळाच्या कसोटीवर टिकत नाही. १९८९ मध्ये सोनीने कोलंबिया पिक्चर्स घेतली आणि मित्सुबिशी इस्टेटने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरची मालकी असलेल्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. भीतीचा उगम तिथला. पण त्याच वर्षाच्या अखेरीस ३८,९१५ वर पोचलेला टोकियोचा निक्केई निर्देशांक ऑगस्ट १९९२ मध्ये १५,००० च्या खाली उतरला होता. १९९४ मध्ये सोनीला चित्रपट व्यवसायापोटी सुमारे २.७ अब्ज डॉलर बुडीत दाखवावे लागले. १९९५ मध्ये रॉकफेलर सेंटरच्या मालक संस्था दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या. ज्या विजेत्याची धास्ती पडद्यावर दिसते, तो चित्रपट येईपर्यंत धापा टाकू लागला होता.

दुसरा मुद्दा वरवरचा आहे. चित्रपटात संशय अखेर नाकामोटोसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकनाकडे वळतो, हे खरे. पण खुनी बदलला तरी तपासाची रीत बदललेली नाही. कॉनरीचे पात्र जपानी माणसे कशी वागतात यावर सतत प्रवचन देते आणि त्या सर्वसाधारण विधानांवरून विशिष्ट माणसांचे हेतू ठरवते. रहस्यकथेत हेतू सिद्ध करावा लागतो. इथे तो राष्ट्रीयत्वावरून गृहीत धरला जातो.

तिसरा मुद्दा छत्रपती संभाजीनगरसारख्या, परदेशी भांडवल येणाऱ्या शहरात अधिक पटण्याजोगा वाटतो. म्हणून तो तिथेच तपासावा. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच दशकात बजाजने कावासाकीशी तांत्रिक सहकार्य करून मोटारसायकली काढल्या. अजिंठा-वेरूळ जतन व पर्यटन विकास प्रकल्पाला जपान सरकारच्या संस्थेने दीर्घ मुदतीचे कर्ज दिले. ज्या दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा शेंद्रा-बिडकीनची ऑरिक वसाहत हा भाग आहे, त्याच्या विकास महामंडळात जपानच्या बँकेने २६ टक्के भांडवल घेतले. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने सुमारे २०,००० कोटींच्या प्रस्तावित गुंतवणुकीसाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. तंत्रज्ञान देणारा, कर्ज देणारा, भागीदार होणारा आणि कारखाना काढू पाहणारा, हे चौघेही जपानी. पण चौघांचे स्वार्थ वेगळे. कर्जाचा व्याजदर, जमिनीचा भाव, स्थानिकांना मिळणाऱ्या नोकऱ्या, तंत्रज्ञानावरचा हक्क या प्रश्नांची उत्तरे करारातल्या कलमांत सापडतात. रीतिरिवाज ठाऊक असले तर बोलणी सुकर होतात. लबाडी पकडायला मात्र कागद वाचावे लागतात.

एवढे खंडन केल्यावरही चित्रपटाचा एक भाग भक्कम उरतो. खोलीतल्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण तपास अधिकाऱ्यांच्या हाती येते, पण त्यात फेरफार करून दुसऱ्याच माणसावर संशय वळवलेला असतो. तंत्रज्ञ ही लबाडी उघड करते. डोळ्यांना दिसलेले चित्र हाच पुरावा का मानावा, हा प्रश्न लोकप्रिय चित्रपटाने १९९३ मध्येच मांडला होता.

हा प्रश्न मराठवाड्याने न्यायालयात अनुभवला आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज मुदत संपल्यावर स्वीकारले गेले, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रीकरण हा त्यातला कळीचा पुरावा होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवड रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम स्पष्ट केला: मूळ उपकरण हजर केले नसेल, तर चित्रणाच्या प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र सगळे प्रयत्न करूनही संबंधित अधिकारी प्रमाणपत्र देत नसतील, तर पक्षकाराला त्या अटीतून सूट मिळू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आली आहे.

कायद्याची ही रीत चित्रपटाच्या चुकीचेही उत्तर आहे. चित्रण कोणत्या उपकरणातून आले, ते कोणाच्या ताब्यात होते, प्रत कोणी काढली, असे ती विचारते; संशयिताचा देश विचारत नाही. ‘रायझिंग सन’ चित्रणाकडे याच संशयाने पाहतो, तिथे तो उत्तम रहस्यपट ठरतो. माणसांबाबत तो ही कसोटी सोडून देतो, तिथे त्याचा तपास पूर्वग्रहाचा होतो. कंपन्यांच्या कारस्थानांवर मराठीत रहस्यपट काढायचा झाल्यास यातली पहिली गोष्ट घ्यावी आणि दुसरी टाळावी.