जुन्या पिकअपचा हिशेब कोण ठेवतो?

आपला व्यापारी मीटरभर कापडाचा फरक आला तर रात्री उशिरापर्यंत वह्या चाळतो. पण ज्या गाडीवर सारा धंदा चालतो, तिचे ऑइल शेवटचे केव्हा बदलले असे विचारले की तो ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहतो. ही आपली जुनी खोड आहे आणि ती महागात पडते.

नगर जिल्ह्याचा (आता कागदोपत्री अहिल्यानगर) पसारा मोठा आहे. मालेगावहून मनमाड, येवला, कोपरगाव, राहुरीमार्गे माल आणायचा आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या दुकानांत पोहोचवायचा, हे काम अनेक छोटे व्यापारी अजून जुन्या डिझेल पिकअपवरच भागवतात. नवी गाडी घ्यायची तर लाखांचे कर्ज, त्यावर व्याज आणि दरमहा हप्ता. मंदीच्या महिन्यात गिऱ्हाईक येत नाही, हप्ता मात्र न चुकता येतो. म्हणून जुनी गाडी नीट राखणे ही कंजुषी नव्हे, तो शहाणपणाचा व्यवहार आहे. अट एकच, गाडी खरोखर राखली पाहिजे.

माझाच तजुर्बा सांगतो. २०१५ साली ईदच्या तोंडावर पाथर्डीच्या फेरीत माझी गाडी करंजी घाटात तापून बंद पडली. रेडिएटरचा होज पाइप पंधरा दिवस गळत होता. काही शे रुपयांचे काम. मी मात्र रोज सकाळी पाणी भरून 'चालतंय' म्हणत राहिलो. हेड गॅस्केट गेले, हेडला बाक आला. खर्च हजारांत गेला, आणि ऐन हंगामातले चार दिवस माल गाडीतच अडकून राहिला. दोष गाडीचा नव्हता, माझा होता.

जुन्या डिझेल इंजिनाची एक मेहरबानी अशी की ते आधी सूचना देते. धूर काळा येत असेल तर एअर फिल्टर चोंदला आहे किंवा नोझलचे काम निघाले आहे. निळा असेल तर ऑइल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर गॅस्केट तपासावे. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ फार, तेव्हा एअर फिल्टर वरचेवर साफ करावा. पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचे पाणी काढून टाकावे. पाण्याने पंप आणि नोझल दोन्ही खराब होतात. पाटे आणि किंगपिनला वेळेवर ग्रीस द्यावे. आणि 'दोनच गाठी जास्त आहेत' म्हणून गाडीच्या माथी जादा वजन मारू नये. त्या दोन गाठींचे भाडे पाटे, टायर आणि क्लच प्लेट वसूल करून घेतात.

यासाठी एक साधी वही करावी. तारीख, किलोमीटर, काम, रक्कम. वर्षाअखेर बेरीज मारली की गाडी ठेवावी की विकावी, याचे उत्तर वहीच देते. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. जुन्या गाड्यांच्या फिटनेसचे शुल्क २०२२ मध्ये वाढले, पुन्हा २०२५ मध्ये वाढले. हा खर्चही त्याच वहीत यावा. ब्रेक लागत नसतील, चेसिस गंजून गेली असेल किंवा दुरुस्तीनंतरही धूर थांबत नसेल, तर माया न करता गाडी काढावी. आपल्या चार पैशांच्या बचतीसाठी रस्त्यावरच्या माणसाचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क आपल्याला नाही.

आता मिस्त्रीविषयी. या कामात आपल्या समाजातील कित्येक हात आहेत. आवाज ऐकून दोष सांगणारे उस्ताद अजून आहेत, पण आपण त्यांच्याशी कसे वागतो? स्वस्त नकली पार्ट आपणच आग्रहाने बसवून घेतो आणि तो तुटला की नाव मिस्त्रीचे. कापडाची उधारी एक दिवस थकली तर आपण फोन करतो, मिस्त्रीची मजुरी मात्र दोन-दोन महिने लोंबकळत ठेवतो. मग त्याचा मुलगा त्या धंद्यात का यावा?

मिस्त्री बांधवांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ च्या आहेत. त्यांत सेन्सर आहेत, दोष स्कॅनर लावून शोधावा लागतो. शागीर्द म्हणून हात काळे केलेल्या मुलाला आयटीआयचा मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा कोर्सही करू द्या. उस्तादाचा कान आणि शाळेचे ज्ञान एकत्र आले तर हा हुन्नर पुढची पिढीही चालवील.

व्यापारी बांधवांनो, आज दुकान बंद करण्यापूर्वी दोन कामे करा. गाडीची वही सुरू करा, आणि मिस्त्रीची बाकी असेल तर ती चुकती करा.