न दुखणारी जखम

गेल्या थंडीत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी सुनेबरोबर दवाखान्यात आल्या. रात्री पाय गार पडतात म्हणून पायांशी गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन त्या झोपल्या होत्या. सकाळी चादरीवरची ओल सुनेच्या नजरेस पडली. टाचेवर मोठा फोड येऊन फुटला होता. "डॉक्टर, ही उगाच घाबरली. मला तर मुळीच दुखत नाही," आजी म्हणाल्या. मला नेमकी त्याच वाक्याची काळजी वाटली.

तापल्या तव्याला बोट लागले की काय होते, ते आठवून पाहा. हात आधी मागे येतो आणि 'आई गं' नंतर उमटते. त्वचेत मज्जातंतूंची असंख्य सूक्ष्म टोके असतात. उष्णता साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की वेदना वाहणाऱ्या तंतूंवरील एक विशिष्ट प्रथिन उघडते आणि विद्युतसंदेश निघतो. मिरचीतील तिखट द्रव्यानेही हेच प्रथिन उघडते, म्हणून मिरच्या चिरल्यावर बोटांची आग होते. त्याचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस हे २०२१च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी. हा संदेश मज्जारज्जूत पोहोचताच तेथूनच स्नायूंना आज्ञा सुटते. वेदनेची जाणीव मेंदूत त्यानंतर होते. या प्रतिक्षिप्त क्रियेमुळे आपण झोपेतही चटका बसताच पाय आखडून घेतो.

आजींनी पाय आखडला नाही, कारण संदेश निघालाच नव्हता. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने मज्जातंतू झिजतात, आणि सर्वांत लांब तंतू पायांकडे जाणारे असल्याने बधिरता बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखी वर चढते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि अतिमद्यपान यांमुळेही असे होते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही कमतरता उद्भवू शकते. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी करावी.

आरंभी मुंग्या येतात, तळपायांची आग होते किंवा कापसावर चालल्यासारखे वाटते. पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. पुढे आग थांबते आणि रुग्णाला बरे वाटल्याचा भास होतो. कित्येकदा तो बधिरता वाढल्याचा संकेत असतो.

"यांना कळत नाही, मग आम्हाला कसे कळणार?" सुनेने विचारले. प्रश्न रास्त होता. जे काम मज्जातंतू करेनासे झाले, ते घरातल्यांच्या डोळ्यांनी आणि हातांनी करायचे.

रोज रात्री चांगल्या उजेडात तळवे, टाचा आणि बोटांमधल्या बेचक्या पाहाव्यात. आंघोळीच्या पाण्याची उष्णता घरातील दुसऱ्या कोणीतरी कोपर बुडवून तपासावी. गरम पिशवीऐवजी सैल सुती मोजे घालावेत. घरातही अनवाणी फिरू नये, आणि पादत्राणे घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा. भेगांना तेल किंवा मलम लावावे, पण बोटांच्या मध्ये नाही. भोवरी ब्लेडने कापू नये. फोड, लाली, सूज वा जखम दिसली तर दुखण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. मधुमेहींनी वर्षातून एकदा तरी पायांची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनच्या बारीक तंतूने होणाऱ्या या तपासणीला काही मिनिटे पुरतात.

आजींची जखम भरायला दोन महिने लागले. आता रोज झोपण्यापूर्वी नातू विजेरी घेऊन त्यांचे पाय तपासतो. "याला काही दिसले नाही, तरच मी झोपते," असे त्या मागच्या भेटीत सांगत होत्या. 'दुखत नाही' हे शब्द मात्र त्यांनी या खेपेस उच्चारले नाहीत.